कयाकमधून मासेमारी: रॉडचं नंतर बघू, आधी उलटल्यावर परत चढायला शिका

रॉड कुठला घेऊ, रील कितीचं घेऊ, चिलापीला चारा काय लावू, एवढंच सगळे विचारतात. पाण्यात पडलो तर परत कयाकवर, म्हणजे या वल्ह्याच्या छोट्या होडीवर, कसा चढू हे मला आजवर फक्त दोघांनी विचारलंय आणि त्यातला एक आधीच पडून आला होता. म्हणून या लेखात मासे कमी आणि पडणं जास्त आहे, पटत नसेल तर काठावर बसून गळ टाका, तिथेही चांगले मासे लागतात.

पोहता येतं, गाडीला कॅरियर आहे, बरोबर एक तरी माणूस येतोय आणि घरी सांगून निघालाय हे मी धरून चालतो.

कयाक सिट-ऑन-टॉपच घ्या, म्हणजे वर उघडी बसायची जागा असते आणि आत आलेलं पाणी तळाच्या भोकांतून आपोआप खाली जातं ती. दहा फूट लांब, ऐंशी सेंटिमीटरच्या आसपास रुंद. हवा भरायची स्वस्तात मिळते, दिसायलाही छान दिसते, पण आपल्या धरणांच्या काठाला बाभळी आहेत आणि बाभळीचा काटा कुणाची वॉरंटी बघत नाही.

परवानगीचं दोन ओळीत सांगतो कारण यात अवघड काही नाही, फक्त लोकांना लाज वाटते. बहुतेक धरणांत मासेमारीचा ठेका गावातल्या मच्छीमार संस्थेकडे असतो, तर काठावर जाळं विणत बसलेल्या काकांना जाऊन विचारायचं, "काका, गळ टाकला तर चालेल का, पावती कुणाकडे करायची?" निम्म्या वेळा पावतीबरोबर चहा मिळतो आणि कुठल्या बाजूला जाळी लावलीत तेही कळतं. पाण्यावर थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या रांगेत तरंगताना दिसल्या की खाली जाळं आहे, लांबून जा. खडकवासल्याच्या नादी लागू नका, एका काठाला एनडीए, म्हणजे लष्करी प्रबोधिनी आहे. मुळशीचं धरण टाटा पॉवरचं आहे, तिथे पाटबंधारेवाल्यांना विचारून उपयोग नाही. आणि कुठलंही धरण असो, भिंत आणि दरवाजे यांच्या जवळपासही जायचं नाही.

आता वारा. पवना घ्या किंवा पानशेत, भिंत पूर्वेला आणि पाणी पश्चिमेला डोंगरात शिरलेलं. मार्च ते मे सकाळी नऊपर्यंत पाणी ताटातल्या वरणासारखं निवांत असतं आणि दुपार झाली की घाटाकडून वारा सुटतो, तो तुम्हाला थेट भिंतीच्या दिशेने ढकलतो. त्यामुळे सकाळी ताकद आहे तोवर पश्चिमेकडे वल्हवत जायचं आणि येताना वाऱ्याबरोबर यायचं. उलटं केलंत तर दमलेल्या खांद्यांनी वाऱ्याच्या तोंडावर दोन किलोमीटर मारावे लागतात, मी मारलेत, नंतर दोन दिवस शर्ट घालताना हात वर जात नव्हता. मे महिन्यात वळवाचे ढग दिसले तर गळाला काय लागलंय ते न बघता काठाला या. २१ मे २०२४ ला उजनीत कुगाव-कळाशीच्या मध्ये प्रवासी बोट अशाच वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले, त्या बोटीपुढे आपली कयाक म्हणजे काडी.

आता मुख्य विषय.

मी पहिली कयाक घेतली तेव्हा विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं होतं की ही उलटतच नाही. वल्हवताना खरंच नाही उलटत. पण आपण वल्हवायला नाही, मासे धरायला जातो, आणि मासे धरताना माणूस काय काय करतो बघा: मागच्या सामानाच्या क्रेटमधून चिमटा काढायला कमरेत वळतो, बाजूला आलेल्या माशावर वाकतो, बुडालेल्या झाडात अडकलेला गळ आडवा ओढतो आणि दोरा अचानक तुटतो. मी या तिसऱ्या प्रकारात गेलो. पानशेत, फेब्रुवारी, काठ साधारण दोनशे मीटरवर. दोरा तुटला, मी उलट्या बाजूला गेलो, कयाक माझ्या अंगावर.

पोहायला उत्तम येतं म्हणून घाबरलो नाही, आणि हाच गैरसमज होता, कारण पोहता येणं आणि कयाकवर चढता येणं याचा एकमेकांशी फार संबंध नाही. मी स्विमिंग टँकच्या काठावर चढतात तसं दोन्ही हात टेकून अंग वर उचलायला गेलो. पाय कयाकच्या खाली गेले, कयाक माझ्याकडे कलली आणि परत डोक्यावर. आठ-दहा वेळा हेच. प्रत्येक वेळी दम जास्त लागायचा आणि अक्कल कमी चालायची. लाइफ जॅकेट सैल होतं ते कानापर्यंत वर आलेलं, बोटं गारठलेली. शेवटी नाद सोडला आणि एका हाताने कयाक धरून पाय मारत काठाला आलो. रॉड, चप्पल, डबा, सगळं पानशेतच्या तानाजीसागराला अर्पण. पुढचे चार रविवार मी मासे न धरता फक्त पडत होतो.

त्यातून जे कळलं ते असं.

पडल्या पडल्या पहिला हात कयाकला. रॉडला नाही, टोपीला नाही, मोबाइलला तर नाहीच. रिकामी कयाक वाऱ्यावर इतकी पटकन निघून जाते की तुम्ही पोहून गाठू शकत नाही. दुसरा हात वल्ह्याला, ते दोरीने बांधलेलं असेल तर चिंताच नाही, आणि ते बांधलेलंच असलं पाहिजे. मग गळ कुठे लोंबतायत ते बघा, दोरा पायात गुंतला असेल तर जॅकेटला अडकवलेल्या छोट्या चाकूने कापा. चाकू जॅकेटला, क्रेटमध्ये नाही, कारण क्रेट आता कुठे आहे कुणास ठाऊक.

मग कयाक सुलटी करायची. उलटी पडलेली कयाक गुळगुळीत असते, धरायला काही सापडत नाही, म्हणून घरूनच मधल्या हँडलला, तळावरून पलीकडे पोचेल एवढा लांब पट्टा बांधून ठेवायचा. एका बाजूने तो पट्टा तळावरून पलीकडे टाकायचा, मग वळसा घालून पलीकडे जायचं, पट्टा धरायचा, गुडघे जवळच्या काठाला लावायचे आणि पाठीवर झोपल्यासारखं मागे रेलायचं. ती फिरते. फिरताना रॉड होल्डर तुमच्याच दिशेने येतो, तोंड बाजूला घ्या.

आता चढणं. जागा मधली, खुर्चीच्या जरा पुढे, जिथे होल्डर वगैरे काही टोचत नाही. मागच्या टोकाने चढा असं बरेच व्हिडिओ सांगतात, त्यांच्या मागे क्रेट नसतो. जवळचा काठ दोन्ही हातांनी धरा आणि आधी पाय पाण्याच्या वर आणा, म्हणजे तुम्ही पोटावर आडवे, पाय मागे लांब, पोहायला शिकताना बार धरून पाय मारतो तसे. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. पाय खाली लोंबत असताना चढायला जाऊ नका, कितीही दंड असले तरी जमत नाही. पाय जोरात मारत राहा, आणि एका झटक्यात कयाक स्वतःच्या पोटाखाली ओढून घ्या. नीट वाचा, स्वतःला वर उचलायचं नाहीये, कयाकला खाली दाबत पोटाखाली घ्यायचंय. मला हे वाक्य कुणी आधी सांगितलं असतं तर माझा डबा वाचला असता.

त्यानंतरचा क्रम तीन शब्दांचा: पोट, बूड, पाय. पोट मधोमध आलं की तसेच पालथे पडून राहा. माशासारखं दिसतं, दिसू दे. दहा श्वास घ्या. इथे घाई करून डोकं वर काढणारा माणूस पलीकडच्या बाजूला पडतो, मी दोनदा पडलोय. मग कुशीवर वळत बूड खुर्चीत टेकवायचं, पाय अजून दोन्हीकडे पाण्यात लोंबत ठेवायचे, घोड्यावर बसल्यासारखे, त्याने तोल राहतो. पाय सगळ्यात शेवटी आत.

अंगात तेवढा जोर नसेल तर रुंद पट्ट्याचा तीनेक मीटरचा वेढा जवळ ठेवा. खुर्चीला अडकवून काठावरून पाण्यात सोडला की त्यात पाय घालून पायरीसारखा वापरता येतो. आणि बरोबरच्याची कयाक जवळ असेल तर त्याने पलीकडून समांतर येऊन तुमची कयाक दोन्ही हातांनी घट्ट धरायची, मग चढणं निम्मं सोपं होतं. पण त्याने नुसतं धरायचं, हाताला धरून ओढायचं नाही, नाहीतर दोघं पाण्यात.

सराव छातीइतक्या पाण्यात सुरू करा, गाळ नसलेला काठ बघून, मग पाय न टेकणाऱ्या पाण्यात. अंगावर तेच कपडे ज्यात मासे धरायला जाणार आहात, तेच जॅकेट, खिसे भरलेले. जीन्स घालून या म्हणजे जीन्स का नको ते कळेल. एकदा जमलं म्हणजे आलं असं नाही, दमल्यावर लागोपाठ पाच वेळा जमलं पाहिजे. जॅकेटचं टेस्टिंग सोपं आहे: पट्टे आवळा, दुसऱ्याला खांद्याला धरून वर ओढायला सांगा, हनुवटीपर्यंत आलं तर ते तुमच्या मापाचं नाही. आणि ते घालायचं असतं, बसायला मऊ लागतं म्हणून खाली घ्यायचं नसतं.

हे झालं की मासेमारी. डोकं कयाकच्या काठाबाहेर गेलं नाही पाहिजे, हा एकच नियम पाळला तर वर लिहिलेलं बहुतेक कधी वापरावं लागणार नाही. गळ अडकला तर आडवा ओढू नका, वल्हवत त्याच्या वरती जा आणि सरळ वर घ्या, नाही निघाला तर कापा, दोरा स्वस्त आहे. चिलापीला गांडूळ, सायप्रिनस आणि रोहूला पेंड घालून मळलेली कणीक, मरळ हवा असेल तर पाणवनस्पतीच्या कडेला रबरी बेडूक. मोठा कटला लागला तर रीलचा ड्रॅग, म्हणजे दोऱ्याचा ब्रेक, सैल सोडा आणि त्याला ओढू द्या, तो कयाकला फिरवून आणतो, मजा येते. खडस म्हणजे महसीर लागला तर पाण्यातल्या पाण्यात सोडून द्या. आणि महाडजवळच्या वाळणकोंडीसारख्या देवाच्या डोहात गळ टाकायचा विचारही नको, तिथले मासे लोक जपतात.

नांगर दीड किलोचा पुरतो, पण दोरी कायम पुढच्या किंवा मागच्या टोकाला, बाजूला कधीच बांधू नका. नदीत तर नवीन माणसाने नांगर टाकूच नये, प्रवाहात कयाक आडवी झाली की दोरीच तिला खाली खेचते.

नदीबद्दल थोडं वेगळं. धरणाखालच्या नदीची पातळी ऊन बघून ठरत नाही, विसर्ग बघून ठरते. कोलाडला कुंडलिकेत वीजनिर्मितीचं पाणी सुटतं तेव्हाच तिथे राफ्टिंग चालतं, म्हणजे काय वेगाने पाणी वाढतं याचा अंदाज घ्या. गावात विचारल्याशिवाय उतरू नका. सांगलीकडे भिलवडी-औदुंबरच्या बाजूला कृष्णेत आणि चिपळूणला वाशिष्ठीत मगरी आहेत, तिथे मी कयाक घालत नाही आणि कुणी सांगितलं की त्या काही करत नाहीत तर त्यालाच पुढे पाठवा.

उन्हाळ्यात पाणी आटलं की पवनेत वाघेश्वराचं देऊळ आणि उजनीत पळसदेवचं देऊळ वर येतं, बघायला सुंदर आहे, पण त्याच दिवसांत जुन्या भिंती आणि झाडांची खोडं पाण्याखाली वीतभर असतात आणि काठाला गुडघाभर गाळ. उतरताना आधी वल्हं रोवून बघा, मग पाय टाका.

घरी आल्यावर कयाकचं मागचं बूच काढून पाणी निथळू द्या, जॅकेट सावलीत वाळवा. आणि बूच परत लावा, लगेच, वाळायची वाट बघत ठेवू नका. मी एकदा ते गॅरेजच्या खिडकीत ठेवलं आणि पुढच्या रविवारी पवनेच्या मध्यावर गेल्यावर कयाक इतकी जड का लागतेय याचा विचार करत बसलो होतो.