बेस गिटार पारखताना या चुका टाळा

मार्चचं ऊन सांगलीत तापायला लागलं आणि माझा बेस नेकच्या (लांब दांडीच्या) पहिल्या चार फ्रेटवर (तिच्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) करकरायला लागला. 'नेक गेली' असं ठरवून मी तो मिरजेच्या एका पोराला मातीमोल भावात देऊन टाकला. पोरानं ॲलन की घातली, ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक कमी-जास्त करणारी सळई) पाव वळसा सैल केला, आणि गणपतीत तोच बेस माझ्यासमोर स्वच्छ वाजवला.

हवा कोरडी झाली की लाकूड आकसतं, नेक मागे जाते, तारा फ्रेटला लागतात. पावसाळ्यात उलट होतं, ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) उचलते. 1951 साली लिओ फेंडरनं प्रिसिजन बेस काढला, तेव्हापासून बहुतेक बेसच्या तारेची लांबी 34 इंच असते. एवढ्या लांब पट्टीवर चार जाड तारांचा ताण, म्हणजे ती हलणारच. तो बिघाड नव्हे.

मिरजेच्या शेजारी राहून आपले कान तंबोऱ्याच्या जवारीवर पोसलेले. तिथे तार घोडीला घासून झंकारावी म्हणून कारागीर घोडी पुन्हा पुन्हा घासून बघतो. बेसमध्ये तोच झंकार दोष ठरतो, पण लगेच बेस नाकारू नका, करकर कुठे होते ते आधी पाहा. पहिल्या चार-पाच फ्रेटवरच असेल तर नेक फार सरळ झाली आहे. फक्त मोकळी तार करकरत असेल तर नटची (नेकच्या डोक्याकडे तारा टेकतात त्या पट्टीची) खाच खोल गेली आहे. एकाच जागी असेल तर पुढचा फ्रेट वर आलाय. सगळीकडे असेल तर ॲक्शन खाली आहे, सॅडल (घोडीवरचे तारांचे टेकू) थोडे उचला. नेक तपासायला पहिला आणि शेवटचा फ्रेट एकदम दाबा आणि आठव्याजवळ तारेखाली व्हिजिटिंग कार्ड घाला. जेमतेम सरकलं तर नेक ठीक. रॉड फिरवायचाच झाला तर एका वेळी पाव वळसा, मग परत सुरात लावून पाहायचं. जोर लागला तर थांबा.

दुसरी चूक दुकानात होते. दुकानदार अँपवरचा बेसचा नॉब पूर्ण फिरवून ठेवतो आणि आपण घुमारा ऐकून खूश. मोबाइलवर व्हिडिओ बघून टोन ठरवणारे तर विचारूच नका: मोकळी ई तार सुमारे 41 हर्ट्झला हलते, मोबाइलचा स्पीकर तिथपर्यंत उतरतच नाही. आधी केबल न लावता वाजवा, बॉडीच्या वरच्या शिंगाला कान टेकवा. सगळ्यात बारीक 'जी' (G) तारेवर पहिल्या फ्रेटपासून बाराव्यापर्यंत एकेक सूर सोडा आणि मनात आकडे मोजा. बाकीचे सूर सहा-सातपर्यंत टिकतात आणि मध्येच एक, बहुधा पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास, दोनवरच विझतो. तो डेड स्पॉट. नेकच्या लाकडाचा कंप त्या सुराची ताकद खातो. थोड्याफार प्रमाणात तो बऱ्याच बेसमध्ये असतो, पण ठळक असेल तर सेटअपनं जात नाही. माझ्या बेसमध्ये तो सहाव्या फ्रेटवर होता. चार वर्षं वाजवून मला कळलं नाही, त्या पोरानं आठवड्यात सांगितलं. खरा दोष दिसला नाही आणि नसलेल्यापायी बेस गेला!

तारा दोन-दोन वर्षांच्या, गंजाळलेल्या, आणि म्हणे 'टोन मेला'. आधी तारा बदला. इंटोनेशनही (वरच्या फ्रेटवर सूर खरा लागतो का) त्यानंतरच तपासा: बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर ट्यूनरवर जुळले पाहिजेत. दाबलेला चढा आला तर सॅडल मागे घ्या, उतरला तर पुढे.

जड म्हणजे मजबूत, हाही एक गैरसमज. वजनापेक्षा तोल बघा: पट्टा गळ्यात घाला, दोन्ही हात सोडा. बेसचं डोकं जमिनीकडे गेलं तर ऑर्केस्ट्राच्या चार तासांत डाव्या हाताला नेक पेलण्याचंच काम उरतं.

नॉब फिरवताना खरखर येते ती बहुतेक वेळा पॉटमधली (नॉबखालच्या फिरत्या भागातली) धूळ. कॉन्टॅक्ट क्लीनरनं जाते, भाव पाडायला मात्र उपयोगी. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होणं नेहमीचं आहे. हात लावल्यावर वाढली तर अर्थिंग बघा, आणि माइकला ओठ लागून झटका बसला तर आधी लाइट बंद, मग मंडळाच्या इलेक्ट्रिशियनला हाक. ॲक्टिव्ह (आत बॅटरीवरचं सर्किट असलेल्या) बेसचा आवाज फाटायला लागला तर पिकअपला शिव्या देण्याआधी नऊ व्होल्टची बॅटरी बदला. केबल जॅकमध्ये खोचून ठेवली की बॅटरी उतरत राहते.