मझल ब्रेक बदलायचा होता, पण...

शंभर मीटरवर रायफलचा ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरच्या गोळ्यांच्या खुणांचा पुंजका, अचानक पसरायला लागला. मझल ब्रेक (नळीच्या तोंडावरचा, धक्का कमी करणारा भाग) बदलायचं जवळजवळ ठरलंच होतं. रायफल रिकामी केली, चेंबर दोनदा तपासलं आणि ब्रेक हाताने फिरवला, तर चक्क हलला! आत काजळीचा जाड थर. गोळी बाहेर पडते त्या भोकाच्या कडेला तांब्याची रेघ शोधली. ती असती, तर गोळी घासतेय हे नक्की. नव्हती. ब्रेक बसतो ते ५/८-२४ चे (५/८ इंच व्यास, इंचाला २४) आटेही धड होते.

काजळी खरवडली. क्रश वॉशर (ब्रेक घट्ट बसावा म्हणून घालायची, दबणारी चकती) एकदा दबला की पुन्हा वापरत नाहीत, म्हणून नवा घातला, नळीत सरळ रॉड सरकवून ब्रेकचं भोक नळीच्या मध्यावर आहे ना, ते पाहिलं. ग्रुप जागेवर आला. ब्रेकमुळे शेजारच्या नेमबाजाच्या कानठळ्या बसतात, ती तक्रार राहिलीच.