तापात पोरगं गुंगायला लागलं तर काय बघायचं, काय करायचं

सोलापुरात पोरगं तापानं पडलं की घरातलं पहिलं वाक्य ठरलेलं असतंय, ऊन लागलंय, तळपायाला कांदा घासा. मे महिन्यात ठीक आहे की वो, पण पाऊस सुरू झाल्यावर पण तेच चालू राहतं आणि तिथं घोटाळा होतो, मेंदूज्वर (विषाणू मेंदूत घुसून येणारी सूज) ओळखायचा राहून जातो. (आणि ऊन लागून गुंगी आली असली तरी ती पण इमर्जन्सीच.) थर्मामीटर बघा, पण त्याच्यापेक्षा पोराची शुद्ध बघा. १०३ ताप असून औषधानंतर उठून बिस्किट मागतंय त्याच्यापेक्षा १०१ ला हाक मारली तरी डोळे उघडत नाही ते पोरगं जास्त सिरीयस.

का ते सांगतो. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या पेशी एकमेकींना कडेनं एकदम घट्ट चिकटलेल्या असतात, बाहेरून अजून दोन प्रकारच्या पेशींचा वेढा, म्हणजे चेकनाकाच. ऑक्सिजन, साखर आत जाते, बाकी बरंच काही बाहेरच थांबतं. विषाणू इथून वेगवेगळ्या वाटांनी घुसतात. काही थेट या पेशींनाच लागण करतात, एचआयव्ही पांढऱ्या पेशीत बसून आत जातो, रेबीज तर रक्तात न येता मज्जातंतूतूनच (नर्व्ह) वर चढतो, म्हणून कुत्रं चावलं की जखम पंधरा मिनिटं साबणानं धुऊन त्याच दिवशी लस.

पण खरी नासधूस बऱ्याचदा घुसल्यानंतर होते. जपानी मेंदूज्वराचा उंदरांवर अभ्यास झाला तेव्हा दिसलं की विषाणू आधी आत पोचतो, हा चेकनाका नंतर फुटतो, आणि फोडणारी आपलीच सूज. विषाणूशी लढताना सायटोकाइन नावाची रसायनं सुटतात, त्यानं पेशींमधले सांधे ढिले होतात, काही एन्झाइम ते सांधे कापतातच, मग रक्तातलं पाणी, प्रोटीन, पांढऱ्या पेशी मेंदूत झिरपतात. कवटी काय फुगत नाही, आतला दाब वाढतो, आणि तेच आपल्याला बाहेरून उलटी, डोकेदुखी, गुंगी, झटके असं दिसतं.

तर घरी बघायचं काय? आईला ओळखत नाही का, बोलणं असंबद्ध आहे का, मान कडक होऊन हनुवटी छातीला लागत नाही का, सारख्या उलट्या, तान्ह्या बाळाची टाळू फुगलीय का. यातलं एक जरी असलं तर सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं मोठ्या दवाखान्यात. चांदिपुरा विषाणू (१९६५ ला नागपूरजवळच्या चांदिपुरा गावात सापडला, वालुमाशीतून पसरतो, भिंतीच्या भेगा आणि गोठा ही तिची जागा) लहान पोरांना लक्षणं सुरू झाल्यावर एक-दोन दिवसातच घेऊन जाऊ शकतो, त्याला खास औषधही नाही न लसही नाही, म्हणून तासांचा हिशोब आहे.

झटका आला तर कुशीवर वळवा, घड्याळ बघा, जमलं तर मोबाईलवर व्हिडिओ काढा, डॉक्टरला त्याचा लई उपयोग होतो. तोंडात चमचा नको, पाणी नको, चप्पल हुंगवायची तर अजिबात नको. पाच मिनिटं झाली तरी थांबला नाही तर सरळ उचलून दवाखान्यात न्या.

तापाला पॅरासिटामॉल, किलोमागं १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसात किमान चार तास, दिवसात चारच्या वर नाही. बाटलीवर ५ मिलीत १२० लिहिलंय का २५० ते वाचा, शेजारच्यांची बाटली आणली की डबल डोस इथंच जातो. अ‍ॅस्पिरिन पोरांना द्यायचीच नाही.

दवाखान्यात पाठीतलं पाणी काढायचं म्हणले की अर्धे नातेवाईक अडवतात, पाय जातात म्हणून. सुई मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली घालतात, त्यानं पाय जात नाहीत. त्या पाण्यात प्रोटीन, पांढऱ्या पेशी किती ते बघून जंतू का विषाणू हे कळायला लागतं, डोक्यातला दाब जास्त वाटला तर आधी सीटी स्कॅन करतात. हर्पिस विषाणूचा संशय असेल तर रिपोर्टच्या आधीच असायक्लोव्हिर हे औषध चालू करतात, कारण या विषाणूवर ते चालतं न उशीर झाला तर मेंदूचं नुकसान भरून येत नाही. सही मागितली तर वेळ घालवू नका, शंका विचारा आणि करून टाका.