ड्रोन नवा, हात नवे: खान्देशात उडवायला शिकताना या चुका टाळा

जीपीएस असलेल्या ड्रोनच्या रिमोटवरच्या दोन्ही स्टिक सोडून दिल्या, तर तो आहे त्या जागी, आहे त्या उंचीवर थांबतो. वाऱ्याने ढकललं तरी स्वतःला सावरून परत तिथेच येतो. एवढं एक मनात पक्कं बसलं तरी भीती निम्मी होते. पण घाबरलेल्या माणसाला नेमकं उलटं सुचतं. ड्रोन जरा सरकला की तो स्टिक एकीकडे ढकलतो, जास्त झालं असं वाटून दुसरीकडे ओढतो, आणि ड्रोन बांधावरच्या बाभळीत जातो. म्हणून पहिल्या दिवशी शिकायचं ते अंगठे उचलायला. ड्रोन तीन-चार मीटरवर चढवा, अंगठे काढून घ्या आणि नुसतं बघत राहा. मग थोडं पुढे, अंगठे वर. थोडं डावीकडे, अंगठे वर. कंटाळा येईपर्यंत हेच करा.

हे सगळं जीपीएसवाल्या ड्रोनबद्दल झालं. ऑनलाइन दीड-दोन हजारांत मिळणारे, खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘फोर-के’ लिहिलेले खेळण्यातले ड्रोन बहुतेक वेळा जीपीएसशिवायच असतात. ते उंची कशीबशी धरतात, जागा मात्र धरत नाहीत. उघड्या शिवारात झुळूक आली की तिच्याबरोबर निघून जातात. असला ड्रोन घेतला असेल तर तो शाळेच्या हॉलमध्ये किंवा मालकाला विचारून जिनिंगच्या रिकाम्या गोदामात उडवा. माझं मत विचाराल तर शिकण्याची सुरुवात त्यानेच करावी. पडला, पातं तुटलं, तरी जीव हळहळत नाही आणि अंगठ्यांना वळण लागतं.

चांगला घेताना वजन आधी पाहा. २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो गटात मोडतो आणि तो उडवायला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. त्यावर २ किलोपर्यंतचा मायक्रो. तो हौसेखातर उडवायलाही प्रमाणपत्र लागत नाही, पण लग्नाच्या शूटिंगचे पैसे घेतलेत की लागतं. आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. परदेशी बनावटीचे तयार ड्रोन आयात करायला ९ फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे, अपवाद फक्त संशोधन, संरक्षण आणि सुरक्षेचा. त्यामुळे बिलाशिवाय, ‘ओळखीतून’ आलेला माल बिघडला की वॉरंटी विचारायला दार नसतं.

एप्रिल-मे महिन्यांतली दुपार

जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा माणूस सावलीत बसतो, पण नव्या ड्रोनची हौस माणसाला भर उन्हात बाहेर काढते. बहुतेक लहान ड्रोनच्या माहितीपत्रकात वापराची कमाल मर्यादा ४० अंश लिहिलेली असते. म्हणजे आखाजीच्या सुट्टीत दुपारी दोनला शेतात ड्रोन काढलात, तर उडण्याआधीच तुम्ही मर्यादेबाहेर आहात. बॅटरी तापल्याचा इशारा येतो, रिमोटला लावलेला मोबाइल तापून स्क्रीन अंधूक करतो, अ‍ॅप अडकतं. स्क्रीन काळी पडली की नवशिक्याला वाटतं ड्रोन गेला. तो गेलेला नसतो. डोळे वर करा, ड्रोन दिसतोय ना? मग रिमोट चालूच आहे, स्क्रीनशिवायही तो उतरवता येतो. सुरुवातीला ड्रोन नजरेच्या टप्प्यातच ठेवायचा तो यासाठीच.

उडवून आणलेली गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका. हाताला गार लागेपर्यंत थांबा. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत बॅटऱ्या ठेवणं तर सरळ धोक्याचं आहे, लिथियमच्या बॅटऱ्या उष्णतेने फुगतात आणि पेटूही शकतात. आठवडाभर उडवणार नसाल तर पूर्ण भरलेली ठेवू नका, साधारण निम्मी ते साठ टक्के ठेवा. फुगलेली बॅटरी ‘अजून चालतेय की’ म्हणून वापरणारे पाहिले की मला त्यांच्यापेक्षा त्यांच्या घरच्यांची काळजी वाटते.

उन्हाळ्यातला दुसरा शत्रू म्हणजे वावटळ. नांगरून पडलेल्या रानात दुपारी माती गरगरत वर चढते तेव्हा तिच्यापासून लांब राहणं हाच उपाय. सकाळी सूर्य वर येण्याआधीचा तास उन्हाळ्यातही चांगला असतो. आणि खरं सांगायचं तर शिकायला हिवाळ्यासारखा ऋतू नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळी हवा शांत, आकाश मोकळं. फक्त संक्रांतीच्या आसपास जपा. पतंगाचा मांजा ड्रोनच्या सेन्सरला दिसत नाही, तुम्हालाही दिसत नाही.

वारा खाली वेगळा, वर वेगळा

साक्रीकडच्या ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. खाली गावात पान हलत नसलं तरी पन्नास-साठ मीटरवर वारा वेगळा असतो. लहान ड्रोन साधारण ताशी ३८ किलोमीटरपर्यंतचा वारा सोसतो असं कंपन्या लिहितात, पण सोसतो याचा अर्थ तग धरतो एवढाच. त्यात तो परत येईलच असं नाही.

इथे चूक ठरलेली आहे. वाऱ्याच्या दिशेने ड्रोन झपाट्याने लांब जातो, उडवणारा खूश होतो, आणि परत फिरल्यावर तो जागचा हलत नाही. बॅटरी मात्र पळत असते. म्हणून जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जा, म्हणजे दमलेली बॅटरी परतताना वारा पाठीशी घेऊन येईल. अडकलातच तर आधी उंची कमी करा, खाली वारा मंद असतो. त्यानेही भागलं नाही तर स्पोर्ट मोड, म्हणजे जास्त वेगाने उडवणारा मोड, लावा, पण त्या मोडमध्ये समोरचा अडथळा टाळणारे सेन्सर बंद होतात हे ध्यानात ठेवून.

‘घरी परत’ हे बटण

आरटीएच, म्हणजे रिटर्न टू होम, हे नवशिक्यांचं आवडतं बटण. त्याच्या भरवशावर उडवणारे पुष्कळ, पण ते दाबल्यावर नेमकं काय होतं हे वाचलेले थोडे. ड्रोन आधी ठरवलेल्या उंचीवर जातो, मग सरळ रेषेत होम पॉइंटच्या, म्हणजे ‘घर’ म्हणून नोंदवलेल्या जागेच्या, डोक्यावर येतो, मग खाली उतरतो. या तिन्ही टप्प्यांवर गडबड होऊ शकते.

पहिली गडबड होम पॉइंटची. ड्रोन चालू केल्यावर पुरेसे उपग्रह सापडून होम पॉइंट नोंदवल्याची सूचना यायला वेळ लागतो. घाईत त्याआधीच उडवला, तर ‘घर’ वाटेत कुठेतरी, कदाचित विहिरीवर, नोंदवलं जातं. त्या सूचनेसाठी थांबा. पोरं कितीही ‘उडव ना’ म्हणोत.

दुसरी उंचीची. शिवारात सर्वांत उंच काय आहे? चिंच, पाण्याची टाकी, मोबाइलचा टॉवर, आणि आपल्याकडे दीपनगरहून निघालेल्या उच्चदाबाच्या वाहिन्या. मोठ्या वाहिन्यांचे मनोरे ४० मीटरच्या वर जाऊ शकतात. परतीची उंची त्या सर्वांत उंच वस्तूपेक्षा पंधरा-वीस मीटर जास्त ठेवा. स्वस्त आणि हलक्या ड्रोनला बऱ्याचदा फक्त खाली पाहणारे सेन्सर असतात, आणि समोरचे सेन्सर असले तरी तारा त्यांना सहसा दिसत नाहीत. तारांच्या जवळपास शिकायला जाऊच नका.

तिसरी, जी फारशी कुणी सांगत नाही: झाडाखाली किंवा पत्र्याच्या शेडखाली असताना हे बटण दाबलं, तर ड्रोन सरळ वर उठतो आणि फांदीत अडकतो. ड्रोन अगदी जवळ असेल तर काही मॉडेल वर न चढता आहे तिथेच उतरायला लागतात, मग खाली चारी असो की काटेरी कुंपण. जवळ असताना हाताने उतरवा. आणि चालू झालेलं आरटीएच थांबवायचं बटण कोणतं, ते जमिनीवर असतानाच शोधून ठेवा.

ड्रोन गोल गोल फिरतोय

हवेत थांबवल्यावर ड्रोन हळूहळू मोठी होत जाणारी वर्तुळं घेऊ लागला तर बहुधा होकायंत्राला लोखंड लागलेलं असतं. खान्देशात लोखंड कुठे नाही? शेतातली डीपी, बोअरचा केसिंग पाइप, शेजारी उभा ट्रॅक्टर, ज्यावर ड्रोन ठेवून उडवला ती लोखंडी खाट, आणि घराची गच्ची, जिच्या स्लॅबमध्ये सळयाच सळया. लगेच उतरवा, पन्नास पावलं लांब मोकळ्या रानात जा. अ‍ॅपने मागितलं तरच कॅलिब्रेशन, म्हणजे होकायंत्राची नव्याने जुळणी, करा. गच्चीवर सळयांमध्ये उभं राहून केलेलं कॅलिब्रेशन न केल्यापेक्षा वाईट.

उडताक्षणीच ड्रोन एका बाजूला उलटतो? पाती चुकीच्या मोटरवर बसवली आहेत. दोन प्रकारची पाती असतात, दोन उलट दिशांना फिरणारी, आणि त्यांवर खूण असते. व्हिडिओ थरथरतोय तर पात्याला बारीक चीर गेली असेल, नखाने कडेवरून फिरवून पाहा. कॅमेरा उडण्याआधीच तक्रार करतोय तर जिम्बलवरचं, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणाऱ्या भागावरचं, कव्हर काढायचं राहिलंय. चित्र तुटतंय तर अँटेनाचं टोक ड्रोनकडे रोखलेलं असेल. टोक नको, चपटी बाजू ड्रोनकडे हवी. तसंच केळीच्या बागेत आत उभं राहून उडवू नका. पाण्याने भरलेली ती झाडं तुमच्या आणि ड्रोनच्या मध्ये आली की सिग्नल खातात. रावेर-यावलकडे शिकत असाल तर बागेबाहेर, रस्त्यावर या.

डावं-उजवं कधी फिरतं

ड्रोनचं तोंड तुमच्याकडे आलं की त्याची डावी बाजू तुमची उजवी होते. डोक्याला हे कळतं, अंगठ्याला कळत नाही. सुरुवातीला ड्रोनची शेपूट कायम आपल्याकडे ठेवा. चौकोनात फिरवा, पण तोंड न वळवता. तोंड आपल्याकडे करून उडवणं नंतर, मोकळ्या खळ्यावर, कमी उंचीवर. मध्येच गोंधळलात तर काही करू नका. अंगठे वर, ड्रोन थांबेल, मग फक्त डावी स्टिक आडवी करून त्याला वळवा, शेपूट आपल्याकडे येईपर्यंत.

उतरवताना

वरून सरळ खाली वेगाने आणू नका. स्वतःच खाली ढकललेल्या हवेत सापडून ड्रोन डगमगतो. थोडं पुढे सरकत, तिरकं, सावकाश उतरवा. जमिनीपासून अर्ध्या मीटरवर बरेच ड्रोन क्षणभर थबकतात, तेव्हा घाबरून हाताने पकडायला धावू नका. डावी स्टिक खाली धरून ठेवा, पंखे थांबेपर्यंत. दोन्ही स्टिक एकदम खाली-आत ओढायची सवय लावू नका, काही ड्रोनमध्ये त्याने हवेतच मोटर बंद होतात.

काळ्या मातीची धूळ मोटरमध्ये आणि जिम्बलमध्ये जाते, म्हणून प्लायवूडचा एक तुकडा बरोबर ठेवा. गोणपाट चालत नाही, त्याचे धागे पात्यात गुंततात. तापीच्या, गिरणेच्या पाण्यावर फार खाली जाऊ नका. खालचा सेन्सर जमिनीची खूण धरून स्थिर राहतो, आणि वाहत्या पाण्यावर ती खूण सतत सरकते. चांगदेवच्या संगमाचं चित्र उंचावरूनच छान येतं.

माणसं

गावात ड्रोन काढला की मिनिटाभरात गर्दी. ‘भाऊ, आखो वर जाऊ दे ना!’ अशी फर्माईश सुटते आणि भिडेखातर आपण शिकलेलं सोडून देतो. एकाला बरोबर घ्या, त्याचं काम फक्त पोरांना लांब ठेवणं आणि आकाशात घार दिसली तर सांगणं. घार झेपावते ती वरून, म्हणून ती जवळ आली की ड्रोन वर चढवा आणि मग तिथून निघा.

दुसऱ्याच्या अंगणावर, नदीवर धुणं धुणाऱ्या बायकांवर कॅमेरा नेऊ नका. अंधारात उडणारा ड्रोन दिसला की चोर टेहळणी करतायत अशी अफवा खेड्यात लगेच उठते. आदल्या दिवशी पोलीस पाटलांच्या कानावर घातलेलं बरं.

ड्रोन नियम २०२१ प्रमाणे सरकारी नकाशावरच्या हिरव्या झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत, म्हणजे १२० मीटरपर्यंत, परवानगी लागत नाही. विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हीच मर्यादा २०० फूट आहे, आणि त्याहून जवळ परवानगीशिवाय नाहीच. जळगावच्या विमानतळाभोवती हे लागू होतं. धुळ्याजवळची गोंदूरची धावपट्टी, भुसावळ-वरणगावच्या आयुध निर्माण्या, दीपनगरचं वीज केंद्र, यांच्या आसपास सरकारी नकाशा उघडून पाहिल्याशिवाय ड्रोन पिशवीबाहेर काढू नका. पाटणादेवी गौताळा अभयारण्यात येते, तिथे आणि यावल अभयारण्यात वनखात्याची परवानगी हवी.

बागेत पडलाच तर

केळीत किंवा कपाशीत पडलेला ड्रोन डोळ्यांनी शोधत सुटू नका. रिमोट बंद करू नका. अ‍ॅपच्या नकाशावर शेवटची जागा असते, तिचा स्क्रीनशॉट घ्या, मग ‘ड्रोन शोधा’ मधून आवाज किंवा दिवा चालू करा. बॅटरी संपेपर्यंतच तो आवाज येतो, त्यामुळे आधी चहा, मग शोध असं करू नका. मिळाल्यावर आधी बॅटरी काढा. ओली असेल, वाकली असेल, फुगली असेल तर पुन्हा चार्जिंगला लावायची नाही. घराबाहेर, वाळूवर ठेवा. पाती बदला, मोटर हाताने फिरवून आत माती खरखरते का ते ऐका, आणि पहिलं उड्डाण पुन्हा तीन-चार मीटरचंच.