पाना-पेटी तुटली तर: काय जोडायचं, काय बदलायचं

पाने-पकडी ठेवायची पेटी एका दिवसात तुटत नाही. आधी मूठ हलायला लागते, मग झाकण एका अंगाने वर राहतं, तळाशी गंजाचा भुगा दिसतो. तेवढ्यात लक्ष दिलं तर काम तासाभराचं असतं. नाही दिलं तर विहिरीवर मोटर काढायला जाताना पाने बांधावर सांडतात आणि दहा-अकराचा पाना नेमका काळ्या मातीत हरवतो.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी पेटी पूर्ण रिकामी करून उलटी ठेवा आणि ती का तुटली ते बघा. खानदेशात पत्रा सहसा पावसाने एवढा सडत नाही, जेवढा शेडमध्ये खताच्या गोण्यांशेजारी ठेवल्याने सडतो. युरिया हवेतला ओलावा ओढतो, पोटॅशमधला क्लोराइड गंज वाढवतो. दुसरं कारण पान्याला चिकटून आत गेलेली काळी माती. ती कोपऱ्यात बसते आणि कित्येक दिवस ओल धरून ठेवते, म्हणून तळ बाहेरून चांगला दिसत असतानाच आतून जातो. प्लास्टिकचा मारेकरी मात्र ऊन. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि ट्रॅक्टरवर उन्हात पडलेली काळी पेटी त्याहून कितीतरी जास्त तापते. कारण तसंच राहिलं तर कितीही छान जोडलेली पेटी पुन्हा तिथेच तुटेल.

प्लास्टिकची पेटी

आधी नखाने घासून बघा. पांढरी भुकटी निघत असेल आणि कडा किंचित वाकवताच कट्‌कन तुटत असेल तर ते प्लास्टिक उन्हाने मेलेलं आहे. त्यावर वेळ घालवू नका. छिद्र पाडलं तर छिद्रापासून नवी भेग निघते.

प्लास्टिक जिवंत असेल तर ते कोणतं आहे ते ओळखायला हवं. तळाशी त्रिकोणात २ असेल तर एचडीपीई (कडक पॉलिथिन), ५ असेल तर पीपी (पॉलिप्रॉपिलीन). खूण नसेल तर आतल्या बाजूचा बारीक तुकडा कापून पाण्यात टाका. तरंगला तर या दोघांपैकी एक. बुडाला तर बहुधा एबीएस नावाचं कडक प्लास्टिक. एबीएसवर अ‍ॅसिटोनचा थेंब टाकला की जागा चिकट होते, आणि ते इपॉक्सीने चांगलं जोडलं जातं. पण ड्रिल मशीन आणि सॉकेट सेटच्या बहुतेक पेट्या एचडीपीई किंवा पीपीच्या असतात आणि इथेच सगळे फसतात. झटपट गोंद, इपॉक्सी, पाइप जोडायचं सोल्युशन, यांपैकी काहीही या दोन प्लास्टिकांना पकडत नाही. वाळल्यावर घट्ट वाटतं, दुसऱ्या दिवशी पापुद्र्यासारखं निघून येतं. इथे दोनच उपाय चालतात: वितळवून सांधणं किंवा बोल्टने आवळणं.

सांधायला ६० वॅटची सोल्डरिंग इस्त्री पुरते. भरायचं प्लास्टिक त्याच जातीचं हवं. एचडीपीईसाठी तुषार संचाच्या फुटक्या पाइपाचा तुकडा उत्तम, कारण तो एचडीपीईच असतो. ठिबकची जुनी नळीही चालते, तीही पॉलिथिनच. मात्र वरचा उन्हाने पांढुरका झालेला थर खरवडून टाका. पीपीला यातलं काहीच चालणार नाही. त्यासाठी ५ खूण असलेल्या तुटक्या खुर्चीच्या ५ मिमी रुंद पट्ट्या कापा.

भेगेच्या दोन्ही टोकांना ३ मिमीचं छिद्र पाडा. ताण भेगेच्या टोकदार शेवटावर एकवटतो. तिथे गोल छिद्र असलं की भेग पुढे सरकत नाही. मग भेगेवर इस्त्रीच्या टोकाने अर्ध्या जाडीपर्यंत इंग्रजी व्ही आकाराची खाच करा आणि पट्टी व खाचेच्या भिंती एकाच वेळी वितळवत खाच भरत जा. नुसती पट्टी वितळवून वर ओतली तर ती थंड भिंतीवर बसते आणि नखाने सुटते. धूर यायला लागला तर इस्त्री जास्त तापली आहे, थोडी थांबवा. जळालेल्या प्लास्टिकचा सांधा ठिसूळ होतो. आतल्या बाजूने जुन्या चहाच्या गाळणीची स्टीलची जाळी भेगेवर ठेवून इस्त्रीने दाबून बुडवली की सांधा मूळ भिंतीच्या जवळपास मजबूत होतो. हे काम दारं-खिडक्या उघड्या ठेवून करा.

बिजागरीतली सळई हरवली असेल तर सायकलच्या चाकाची तार घाला. चौदा गेजची तार २ मिमी जाड असते. एक टोक काटकोनात वाकवा, दुसरं आत घालून थोडं दाबा. बिजागरीचे कानच तुटले असतील तर ते पुन्हा घडवत बसू नका. कॅनव्हासचा किंवा नायलॉन निवारीचा ४० मिमी रुंद पट्टा पूर्ण लांबीभर लावा, दोन्ही कडांवर अ‍ॅल्युमिनियमची अरुंद पट्टी ठेवा आणि दर ६० मिमीवर ४ मिमीचा बोल्ट मारा. आतून रुंद वॉशर, त्यावर नायलॉनवाला (आत नायलॉनची कडी असलेला) नट. या पेट्यांच्या भिंती बहुधा दुहेरी आणि आतून पोकळ असतात. बोल्ट पूर्ण पिळला तर भिंत चेपते, म्हणून वॉशर फिरायचं थांबलं की थांबा. पॉप रिबिट इथे नको. त्याची फुगलेली शेपूट मऊ प्लास्टिकमधून ओढून बाहेर येते.

पत्र्याची पेटी

पत्र्याची पेटी सहसा टाकायची गरज नसते. कोपऱ्यांचे सांधे शाबूत असतील तर बाकी सगळं बदलता येतं.

पाच कप्प्यांच्या उघडणाऱ्या पेटीत आधी हातांच्या पट्ट्यांचे रिबिट झिजतात. कप्पे तिरके होतात, झाकण बसत नाही आणि लोक पाय देऊन दाबतात. तसं करू नका. झिजलेल्या रिबिटचं डोकं कानशीने किंवा ग्राइंडरने घासून सुंभ्याने (पंचने) बाहेर काढा आणि त्या जागी ५ मिमीचा, १२ मिमी लांब बोल्ट घाला. दोन पट्ट्यांच्या मध्ये एक पातळ वॉशर, शेवटी नायलॉन नट. नट पूर्ण आवळून पाव फेरा सैल करा. साधा नट लावला तर उघडझाप करता करता तो आपोआप सुटतो. एकाच बाजूचा बोल्ट बदलला तर दुसऱ्या झिजलेल्या बाजूने कप्पा तिरकाच राहतो, तेव्हा समोरासमोरची जोडी एकदम बदला.

मुठीचं दुखणं वेगळं आहे. सगळं वजन दोन छोट्या रिबिटांवर येतं आणि पातळ पत्रा तिथे फाटतो. त्याच छिद्रात जाड रिबिट मारून उपयोग नाही. झाकणाच्या आतून ३ मिमी जाड, २५ मिमी रुंद लोखंडी पट्टी मुठीच्या लांबीहून दोन्हीकडे ५० मिमी जास्त अशी लावा आणि मूठ पत्रा व पट्टी दोन्हींतून ६ मिमीच्या बोल्टने आवळा. मग ओढ पट्टीभर वाटली जाते.

तळ सडला असेल तर वेल्डिंगवाल्याकडे धावू नका. पेटीचा पत्रा बावीस गेजच्या आसपास, म्हणजे साधारण ०.७ मिमी असतो; साध्या वेल्डिंगच्या कांडीने त्यात एका भोकाची चार भोकं होतात. शिवाय जीआय (जस्त चढवलेला) पत्रा वेल्ड करताना जस्ताचा धूर निघतो, तो फुफ्फुसाला वाईट. रिबिटच बरं. आतल्या मापाचा बावीस गेज जीआय पत्रा चारी बाजूंनी १५ मिमी जास्त घेऊन कापा, कोपऱ्यांचे १५ मिमीचे चौकोन काढा आणि कडा वर दुमडा. जुना तळ तारेच्या ब्रशने घासून रेड ऑक्साइड मारा, वाळू द्या, मग नवा तळ ताटलीसारखा आत बसवा आणि दुमडलेल्या कडा पेटीच्या भिंतीला रिबिट करा: ४ मिमीचे, दर ५० मिमीवर, छिद्र ४.१ मिमी. म्हणजे वजन भिंतींवर लटकतं, सडलेल्या तळाला काही उचलावं लागत नाही. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत दोन्ही तळांतून आरपार ६ मिमीची छिद्रं ठेवा, पाणी तुंबणार नाही. खाली टायरचे चार तुकडे पाय म्हणून लावा.

नव्या जीआयवर रेड ऑक्साइड धरत नाही, त्याला एच (etch) प्रायमर, म्हणजे जस्ताला किंचित खाऊन पकड घेणारा अस्तर-रंग लागतो. रंग उन्हाळ्यात सकाळी लवकर, सावलीत मारा. दुपारी पत्रा तापलेला असताना मारला तर वरचा थर लगेच वाळतो, आतलं पातळद्रव्य अडकतं आणि फोड येतात. दोन हातांत एक दिवस जाऊ द्या.

नवी पेटी करायची तर

शेतावर उघडी, मधे दांडा असलेली लाकडी पेटी सगळ्यात सोयीची. १२ मिमी प्लायचा २ फूट × अडीच फूट तुकडा पुरतो. तळ ४५० × २०० मिमी, दोन टोकं २०० × २८०, दोन लांब बाजू ४७४ × १५०. टोकं तळाच्या दोन्ही शेवटांना उभी करा, लांब बाजू बाहेरून लावा. टोकांत वरून ४० मिमीवर २५ मिमीचं छिद्र पाडून ४७४ मिमीचा दांडा घाला आणि दोन्हीकडे वरून एकेक स्क्रू मारा, नाहीतर दांडा हातात फिरतो. प्लायच्या कडेत स्क्रू मारताना आधी २.५ मिमीचं छिद्र पाडा, तसाच मारला तर थर सुटतात. सांध्यांना लाकडाचा गोंद लावा. पेटी ओल्यात राहणार असेल तर आयएस ७१० शिक्क्याचा (मरीन) प्लाय घ्या. वाळवीच्या जागी ती विटांवर ठेवा.

सॉकेटसाठी पेटीत लोखंडी पट्टीवर १२ मिमी गुळगुळीत सळईचे २० मिमीचे तुकडे उभे वेल्ड करून घ्या. अर्ध्या इंची सॉकेटचं चौकोनी भोक १२.७ मिमीचं असतं, ते त्यावर आरामात बसतं. बांधकामाची पिळाची सळई चालत नाही, तिच्या उंचवट्यांवर सॉकेट अडकतं.

फक्त पाने असतील तर पेटीच नको. ताडपत्री शिवणाऱ्याकडून जाड कॅनव्हासची गुंडाळी शिवून घ्या. सहा-सातपासून तीस-बत्तीसपर्यंतच्या प्रत्येक पान्याच्या डोक्याहून २० मिमी रुंद खण ठेवा आणि वरून झाकणारी १०० मिमीची पट्टी सोडा, म्हणजे गुंडाळताना पाने घसरत नाहीत. प्लास्टिकच्या ताडपत्रीची गुंडाळी करू नका. ती सुईच्या छिद्रांवरून ओळीने फाटत जाते.