आधी विचारा, फोन कुणाचा?

खानदेशात पोरापोरींच्या मानसिक आरोग्याच्या कामात नव्यानं उतरताय आणि 'डिजिटल'चं काम तुमच्याच गळ्यात पडलंय, तर अ‍ॅप कोणतं घ्यायचं हा प्रश्न पार शेवटी ठेवा. पीएचक्यू-९ ही नैराश्य तपासायची नऊ प्रश्नांची प्रश्नावली, टेलिमानस ही १४४१६ वरची मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, मैत्री क्लिनिक म्हणजे किशोरवयीन मुलामुलींसाठीचं सरकारी सल्ला केंद्र, हे तुम्हाला ठाऊक असणारच. मला सांगायचंय ते फोनबद्दल.

नोंदणीच्या वेळी मुलगी मोबाईल नंबर देते, तो बहुतेकदा तिचा नसतो. चोपड्याकडच्या अकरावीतल्या पोरीनं दिलेला नंबर भावाचा निघतो. शहाद्याकडच्या पोराचा वडिलांचा, आणि वडील मजुरीला गुजरातेत गेले की फोनही त्यांच्याबरोबर जातो. माझं घोडं इथंच अडलं. पुढच्या भेटीची आठवण देणारा मेसेज आपोआप गेला, भावानं वाचला, आणि पोरीचं येणंच बंद झालं. तिला गाठावं तर कसं? हाताशी होता तो नंबर भावाचाच.

मेसेजमधले शब्द बदलून भागत नाही. आपला नंबर लोकांनी 'मानसिक समुपदेशन' अशा नावानं सेव्ह केला असेल, तर साधा मिस्ड कॉलसुद्धा ट्रूकॉलरवर त्याच नावानं झळकू शकतो. व्हॉट्सअ‍ॅप भावाच्या लॅपटॉपवरही जोडलेलं असतं. व्हॉइस नोट ओट्यापाशी, सगळ्यांदेखत वाजते. बटणाच्या फोनवर लावलेल्या नंबरांच्या यादीत १४४१६ तसाच पडून राहतो. तो कसा पुसायचा, हे समोर बसवून तिच्याच हातून करून घ्या.

म्हणून पहिल्याच भेटीत विचारा. फोन कुणाचा? पॅटर्न कुणाकुणाला माहीत? रात्री चार्जिंगला कुठं लावतात? आपण फोन करायचा की तिनंच? दुसऱ्या कुणी उचलला तर काय बोलायचं, तेही तिच्याशी ठरवा. 'कॉलेजातून बोलतेय' असं खोटं सांगावं का, यावर तासभर वाद घालणारे भेटतील. घालू द्या. मी 'राँग नंबर' म्हणून ठेवून देते. ही उत्तरं फाईलच्या पहिल्या पानावर लिहा, आणि 'फोन नकोच' म्हणाली तर नकोच. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं २३वं कलम गोपनीयतेचा हक्क देतं खरं, पण भावाच्या खिशातल्या फोनवर त्याचा काही इलाज चालत नाही.

मुलांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तर काढूच नका. एकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, विषय संपला. दोन दिवसांच्या ऑनलाइन सर्टिफिकेटवर समुपदेशक म्हणून मिरवणाऱ्यांचं मला कौतुक नाही. आणि पीपीटी घेऊन येणाऱ्या मार्गदर्शकांपेक्षा, कुणाच्या घरात किती फोन आहेत हे सांगणारी आशाताई माझ्या लेखी मोठी गुरू.

एवढं ऐकून घाबरू मात्र नका. समोर घुम्यासारखी बसणारी पोरं चॅटवर अहिराणीत भडाभडा लिहितात, हे मी पाहिलंय, आणि त्यासाठी हा सगळा खटाटोप करावा असंच मला वाटतं. तुम्हाला यंत्रातलं काही अडलं तर तीच शिकवतात, वर हसतातही.

गूगल फॉर्मवर पीएचक्यू-९ पाठवायची घाई मात्र नको. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. पोरगं रात्री अकराला त्यावर 'जवळजवळ रोज' अशी खूण करतं आणि तुम्ही शीट उघडता सोमवारी. आलेलं उत्तर त्याच वेळी बघणारं माणूस नसेल तर फॉर्म पाठवूच नका, समोर बसवून भरून घ्या. खाली १४४१६ छापलं म्हणजे आपली जबाबदारी संपली, असं नाही. ऑक्टोबर २०२२ पासूनची ही मोफत, चोवीस तासांची सेवा चांगली आहे, मराठीत बोलता येतं. तरी एकदा स्वतः लावून बघा, पलीकडून काय विचारतात ते ऐका, मग मुलांना सांगा.

धडगाव-अक्कलकुव्याकडं रेंजचा भरवसा नाही. तिथं व्हिडिओ कॉलचा हट्ट सोडा. आठवडी बाजाराच्या दिवशी पोरं गावात येतातच, तेव्हा समोरासमोर भेटा. डॅशबोर्डवर ऑनलाइन भेटींचा आकडा कमी का, असं साहेबांनी विचारलं तर हेच कारण लेखी द्या.