इंदूरच्या काळ्या मातीत घरापुढची बाग: या चुका टाळा

जुलैत हौसेने लावलेला पारिजातक ऑगस्टअखेर मान टाकतो. पानं पिवळी पडली म्हणून घरातले आणखी पाणी घालतात आणि गणपती बसेपर्यंत झाड जातं. सुदामानगरात आमच्या घरापुढे लागोपाठ दोन वर्षं हेच झालं. दुसऱ्यांदा मेलेलं झाड उपटलं तेव्हा कारण सापडलं. मुळांभोवतीचा लाल मातीचा गोळा पिशवीच्या आकारात जसाच्या तसा होता आणि खड्ड्याच्या तळाशी कुजका वास येणारं पाणी साचलं होतं.

नर्सरीतली पुष्कळ रोपं आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियमहून येतात, लाल मातीत. आपली माळव्याची माती काळी, चिकण, बेसाल्ट झिजून तयार झालेली. तिच्यातून पाणी फार सावकाश झिरपतं. अशा जमिनीत खड्डा खणून त्यात भुसभुशीत माती भरली की पावसाचं पाणी त्यात उतरतं आणि चारी बाजूंनी अडतं. खड्ड्याचा हौद होतो.

म्हणून रोप आणण्याआधी फूटभर खोल खड्डा करून पाण्याने भरा. ते जिरलं की पुन्हा भरा आणि पट्टीने मोजा. तासाभरात पाणी इंचभरही उतरलं नाही, तर तिथे खड्ड्यात झाड लावू नका. जमिनीवर ८-१० इंच उंचीचा गादीवाफा करा. त्यात दोन भाग तिथलीच काळी माती आणि एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट घाला. पिशवी पूर्ण काढा आणि गोळ्याच्या कडेची मुळं बोटांनी हलकेच मोकळी करा.

माती हलकी व्हावी म्हणून काहीजण दोन-चार घमेली रेती मिसळतात. कृपा करून हे करू नका. चिकण मातीत थोडी रेती गेली की वाळल्यावर ती विटेसारखी घट्ट होते. काळ्या मातीला मोकळं करतं ते सेंद्रिय खतच. कंपोस्टची जगभर गाजलेली ‘इंदूर पद्धत’ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात आपल्याच गावात बसवली. त्या गावात वाळका पाला कचरागाडीत जाताना पाहिला की मला खरंच वाईट वाटतं. पाला, शेण, थोडी माती आणि राख यांचे थर लावा, ओल टिकवा आणि ढीग अधूनमधून उलथा.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र घाईमुळे होतं. रविवार मोकळा मिळाला म्हणून पावसाच्या दुसऱ्याच दिवशी कुदळ घेऊन उतरू नका. ओल्या काळ्या मातीत पाय पडले की ती दबते, आणि पुढे वर्षभर ढेकळं फोडत बसावं लागतं. वाफसा येऊ द्या, म्हणजे माती खणण्याजोगी सुकू द्या. मूठभर माती दाबून पाहा: लाडू वळला आणि बोटाने टिचकी मारताच फुटला, तर काम सुरू करा. बोटाला चिकटली, तर दोन दिवस थांबा.

उन्हाळ्यात हीच माती आकसून भेगाळते. मग रोजचं वरवरचं शिंपण वाया जातं: थोडं पाणी उडतं, उरलेलं भेगांतून खाली निघून जातं. आधी खुरप्याने भेगा बुजवा. शेतकरी ‘एक कोळपणी (वरची माती हलकेच खरवडणं) म्हणजे अर्धं पाणी’ म्हणतात ते याचसाठी. आळं करून दर तीन-चार दिवसांनी सावकाश, खोलवर पाणी द्या. वर दोन-तीन इंच सोयाबीनचं कुटार (भुसा) पसरा, पण वाळवी लागू नये म्हणून खोडापासून वीतभर दूर ठेवा.

गेटपासून ओट्यापर्यंतचे पेव्हर ब्लॉक पावसाळ्यानंतर वरखाली झाले असतील, तर दोष बहुतेक ब्लॉकचा नसतो. ते थेट काळ्या मातीवर बसवलेले असतात. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात बसते. ब्लॉक काढून सहा ते आठ इंच माती उपसा. तीन-तीन इंचांचे थर धुमसून मुरूम भरा, वर दगडाची चुरी आणि मग ब्लॉक. दर पाच फुटांना इंचभर उतार द्या, घराकडून रस्त्याकडे.

याच कारणाने फुलझाडांचा वाफा घराच्या भिंतीला चिकटवू नका, किमान दोन फूट सोडा. पायाजवळची माती कधी चिंब, कधी कोरडी राहिली की भिंतीला तडे जातात. पिंपळ किंवा रबराचं झाड तर कंपाउंडच्या आत नकोच.

आता मोगरा-जास्वंदीची तक्रार. नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या दिसत असतील, तर ते बहुधा पाणी कमी पडल्याचं लक्षण नव्हे. आपल्या चुनखडीच्या मातीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि १ ग्रॅम लिंबूसत्व (सायट्रिक ॲसिड) विरघळवून ऊन उतरल्यावर पानांवर फवारा. दहा-बारा दिवसांनी पुन्हा एकदा. फवारताना ओट्याची फरशी गोणपाटाने झाका. हिराकसाचे तांबूस डाग निघता निघत नाहीत.